डिसेंबरात कॉफी इस्टेटवर जायचंय, पण खरं किती आणि दिखाऊ किती हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंबिवलीचं कुटुंब, नवरा-बायको, दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं, सोबत सासूबाई. नाताळच्या सुट्टीत चिकमगळूर किंवा कूर्गला एखाद्या 'सस्टेनेबल कॉफी फार्म'वर हार्वेस्ट बघायला जायचंय, पॅकेज बऱ्यापैकी महाग आहे, आणि शंका अशी की तिथे खरंच काही बघायला मिळतं का, की हातात टोपली देतात, फोटो काढतात आणि पाठवून देतात.

मी टुरिझमवाली नाही हे आधीच सांगते. अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा आहे, तिथे कॉफी भाजून विकते आणि दर हंगामात कच्चा माल बघायला तिकडे जाणं होतं. त्यामुळे हे उत्तर खरेदीदाराच्या नजरेचं आहे, रूममधून व्ह्यू कसा दिसतो आणि बुफेत काय असतं ते दुसऱ्या कुणालातरी विचारा.

तुमची शंका रास्त आहे, पण तुम्ही 'कुठली इस्टेट चांगली' असं विचारताय आणि माझ्या मते त्याआधी 'कुठल्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत' हे ठरवायला पाहिजे. कारण चांगल्यात चांगल्या इस्टेटवर चुकीच्या दिवशी गेलात तर हिरवी झुडपं आणि रिकामं अंगण बघून परत याल.

तर आधी वेळ. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, कुठे फेब्रुवारीपर्यंत रेंगाळते, आणि रोबस्टाची डिसेंबर-जानेवारीपासून मार्चपर्यंत. हे सगळं मार्च-एप्रिलमधल्या वळवाच्या सरींवर अवलंबून असतं, सर पडली की आठ-दहा दिवसांत मळा पांढरा होतो, मोगऱ्यासारखा वास सुटतो, आणि त्या फुलापासून पिकलेलं फळ व्हायला अरेबिकाला ८ ते ९ महिने लागतात, रोबस्टाला १० ते ११. सर उशिरा आली की तोडणी पुढे. म्हणून 'डिसेंबरात नक्की असतं ना' याला कुणी ठाम हो म्हणालं तरी निघायच्या दोन आठवडे आधी परत एकदा फोन करून विचारा. नाताळचीच सुट्टी पक्की असेल तर अरेबिकाचा भाग धरा, म्हणजे चिकमगळूर, बाबाबुडनगिरीची बाजू, मुडिगेरे, किंवा कोडगूमधला, म्हणजेच कूर्गमधला, उंचावरचा भाग. दक्षिण कोडगू आणि वायनाडचा सखल भाग म्हणजे मुख्यतः रोबस्टा, तिथे नाताळात नुकती कुठे सुरुवात होत असते, २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत मात्र तिथे काम ऐन भरात असतं.

आता ही गोष्ट पॅकेजवाले सहसा सांगत नाहीत. इस्टेटवर आठवड्याची सुट्टी असते, ती बहुतेक जवळच्या गावच्या आठवडी बाजाराला धरून असते, बऱ्याच ठिकाणी रविवार, काही ठिकाणी दुसरा वार. मुंबईची माणसं शुक्रवारी रात्री निघतात, शनिवारी दुपारी पोचून आराम करतात आणि रविवारी सकाळी प्लँटेशन वॉकला जातात तेव्हा मळ्यात एक माणूस नसतो. मग गाइड एक लाल फळ तोडून दाखवतो आणि झालं हार्वेस्ट. म्हणून तोडणी कुठल्या वारी बंद असते हे पहिलं विचारा. तसंच कोडगूमध्ये पुत्तरीचा, म्हणजे नव्या भाताचा, सण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो आणि जानेवारीच्या मध्याला संक्रांत, त्या दिवसांत मजूर कमी असतात.

आणि दिवसाचा कुठला भाग बघायचा तेही महत्त्वाचं आहे. सकाळी तोडणी, दुपारनंतर फळ निवडणं आणि वजन, आणि पल्पर, म्हणजे फळाची साल काढायचं मशीन, चालतो तो त्यानंतर, संध्याकाळी किंवा रात्री, कारण तोडलेलं फळ रात्रभर पोत्यात राहिलं की आतून तापतं आणि आंबायला लागतं. म्हणजे चार वाजता परत फिरणाऱ्या डे-टूरला अर्धी गोष्ट दिसतच नाही. दोन रात्री राहा आणि मधला पूर्ण दिवस मळ्यात घालवा, साइटसीइंग नको.

आता सस्टेनेबलचं. भारतातली जवळपास सगळी कॉफी तशीही झाडांच्या सावलीतच होते, त्यामुळे 'आमची कॉफी शेड-ग्रोन आहे' असं कुणी अभिमानाने सांगितलं तर मान डोलवा आणि वर बघा. वर एकाच जातीची उंच, सरळसोट, करड्या खोडाची झाडं ओळीने लावलेली असतील तर तो सिल्व्हर ओक, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भराभर वाढतो, त्यावर मिरीचे वेल चढवता येतात आणि तोडून विकायला देशी झाडांइतकी परवानग्यांची कटकट नसते. फणस, उंबर-वडाच्या जातीची झाडं, शिसवी, आणि खालच्या थरात पांगारा अशी सरमिसळ असेल तर तो जुना, राखलेला मळा. सिल्व्हर ओक दिसला म्हणून मालकाला लगेच खलनायक करू नका, कॉफीचा भाव पडला होता त्या वर्षांत मिरीने आणि लाकडाने कित्येक घरं तारली आहेत. पण 'शंभर वर्षं जुनं जंगल' असं वेबसाइटवर लिहिलंय आणि वर नुसता सिल्व्हर ओक आहे, तर मग बाकीचंही तेवढ्याच विश्वासाने ऐका.

सावली ठेवणं हा काही धर्मादाय प्रकार नाही. अरेबिकाचा मोठा शत्रू म्हणजे व्हाइट स्टेम बोरर, खोडात बोगदे करणारा भुंगेरा, त्याला उघडं ऊन पडलेली खोडं आवडतात. सावली विरळ केली की बोरर वाढतो, बोरर लागलेलं झाड उपटून जाळावं लागतं. मळ्यात फिरताना खोडावर गोल गोल उठलेल्या वळ्या दिसल्या तर मालकाला विचारा, तो जे सांगेल ते कुठल्याही ब्रोशरपेक्षा खरं असेल, कारण या विषयावर कुठल्याच कॉफीवाल्याला गप्प बसता येत नाही.

पण मला एकच जागा बघायची मुभा दिली तर मी पल्परच्या मागे जाईन. सांगते का ते. अरेबिका बरीचशी 'वॉश्ड' असते, म्हणजे फळाची साल मशीनने काढायची, बीला चिकटलेला गोड बुळबुळीत थर साधारण दीड दिवस टाकीत आंबवून सोडवायचा, मग बी धुवायची. या सगळ्यातून जे पाणी निघतं ते तपकिरी, आंबट, साखरेने भरलेलं असतं. ते ओढ्यात सोडलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. आणि हे घडतं नेमकं डिसेंबर ते फेब्रुवारी, ओढ्यांना पाणी कमी असतं तेव्हा. हा सगळा भाग नद्यांच्या उगमाचा आहे हे विसरू नका, कावेरी कोडगूतली, तुंगा, भद्रा आणि हेमावती चिकमगळूर जिल्ह्यातल्या. वरच्या मळ्यात जे सोडतात ते खालच्या गावाच्या विहिरीपर्यंत जातं.

म्हणून सरळ विचारा, 'धुतल्यावर पाणी कुठे जातं, दाखवाल का?' चांगल्या इस्टेटवर तुम्हाला उतारावर खाली नेतात, तिथे एकापुढे एक टाक्या किंवा खड्डे असतात, पहिल्यात चुना टाकून आंबटपणा मारलेला, पुढच्यात गाळ बसलेला, शेवटी जमिनीत मुरवलेलं किंवा बागेला दिलेलं. वास येतोच, शिळ्या ताडीसारखा, नाक धरावं लागलं तरी चालेल. बाजूला सालींचा ढीग असतो, वाफ येत असते, त्याचं खत होऊन परत मळ्यात जातं. काही जणांनी कमी पाण्यावर चालणारे नवे पल्पर घेतलेत, त्यात पाण्याचा वापर बराच कमी होतो. आणि जिथे 'तिकडे पाहुण्यांना नेत नाही, घाण असते' असं उत्तर येतं तिथे मी माल घेताना दहा वेळा विचार करते. क्वचित खरंच घसरडं असतं म्हणूनही नेत नाहीत, तेवढी सूट द्या, मग निदान तोंडी तरी नीट समजावतात का ते बघा. काही इस्टेट धुतच नाहीत, फळ सालीसकट वाळवतात, त्याला तिकडे 'चेरी' म्हणतात, रोबस्टात हे जास्त. तिथे हा प्रश्नच येत नाही, मग रोबस्टावाल्याला दुसरं विचारा, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्यासाठी स्प्रिंकलर लावता तेव्हा पाणी कुठून आणता, पावसाचं साठवलेलं तळं आहे की ओढ्यातून पंप?

संध्याकाळचं वजन चुकवू नका. तोडणाऱ्या बायका पोती घेऊन येतात, ताडपत्रीवर फळ ओततात आणि हिरवी, अर्धी कच्ची, वाळलेली अशी बाजूला काढतात, मग काटा. इस्टेटचा कारकून असतो, त्याला तिकडे 'रायटर' म्हणतात, तो वहीत नोंद करतो. माझं लक्ष दोनच गोष्टींकडे असतं, काट्याचा आकडा तोडणारीला दिसतोय का आणि पोत्याचं वजन म्हणून किती कापतात. पैसे बऱ्याच ठिकाणी किलोवर असतात, कुठे रोजावर. किलोवर असतील आणि नुसतंच 'भराभर तोडा' असेल तर हिरवं फळ येणारच, म्हणून चांगल्या दर्जाचा माल करणारे पिकलेल्या फळाला जास्त दर देतात नाहीतर रोज देतात. इथे मजुरीचा आणि चवीचा थेट संबंध आहे. कच्च्या फळाची बी भाजताना नीट रंग घेत नाही, फिकट राहते, आम्ही तिला क्वेकर म्हणतो, थंड करायच्या ट्रेमधून हाताने वेचून काढावी लागते, एखादी राहिली तरी कपात शेंगदाण्याच्या फोलपटासारखी चव येते.

आता बहुतेक मजूर बाहेरचे असतात, उत्तर कर्नाटकातले, आसाम, बंगाल, झारखंडचे. त्यांच्या राहण्याच्या चाळींना 'लाइन' म्हणतात. तिथे पाणी, संडास आहेत का, त्यांची मुलं दिवसा कुठे असतात, हे मालकाला विचारायला हरकत नाही, पण थेट लाइनमध्ये कॅमेरा घेऊन शिरू नका, ते त्यांचं घर आहे. फोटो काढायचा तर तोडणारीला विचारून, आणि तीही मालकासमोर नाही म्हणू शकत नाही हे लक्षात ठेवून.

मुलांनी तोडून बघावं का? जरूर, अर्धा तास. फळ ओढायचं नाही, बोटांच्या चिमटीत धरून किंचित पिळायचं, देठ फांदीवरच राहिला पाहिजे, नाहीतर फांदीच्या पेराला इजा होते. पिकलेलं फळ चोखून बघू दे, गोड लागतं, बोटं चिकट होतात. लाल मुंग्या असतात, आपल्या कोकणातल्या ओंबिलांसारख्या, पानांचं घरटं दिसलं की लांब राहायचं, फुल बाह्यांचे शर्ट घाला. फक्त एक करा, कुणाला नेमून दिलेल्या ओळीत मुलांना तोडू देऊ नका, किलोवर पैसे असतील तर ती तिची कमाई आहे. तोडलेलं तिच्याच पोत्यात टाकायला सांगा. आणि मोठ्याला हिशोब घाला: साधारण सहा किलो फळापासून एक किलो कच्ची बी मिळते, भाजताना तिचं वजन आणखी १५ ते २० टक्के कमी होतं. म्हणजे त्याने घाम गाळून अर्धा किलो फळ तोडलं तरी हातात सत्तर ग्रॅमच्या आसपास कॉफी, जेमतेम चार-पाच कप. यानंतर माटुंग्याला फिल्टर कॉफी सांडली तर तो स्वतःच ओरडेल.

सर्टिफिकेटबद्दल लोक हटकून विचारतात. रेनफॉरेस्ट अलायन्सचा बेडूक, ऑरगॅनिकचा शिक्का, असेल तर चांगलंच, मागे तपासणी झालेली असते, आणि ऑरगॅनिकला तर आधी तीन वर्षं रूपांतराची काढावी लागतात. पण नसेल तर वाईट असं अजिबात नाही. आपल्याकडचे ९८ टक्क्यांहून जास्त कॉफीवाले १० हेक्टरच्या आतले छोटे शेतकरी आहेत, दरवर्षीच्या ऑडिटचा खर्च एकट्याला झेपत नाही, गटाने केलं तरच जमतं. माझ्याकडचा काही उत्तम माल अशाच घरांतून येतो, दारावर पाटीसुद्धा नाही. एक गोष्ट मात्र मी बघितली की लगेच उठते, ती म्हणजे पिंजऱ्यातलं उदमांजर. कूर्गमध्ये 'सिव्हेट कॉफी' म्हणून महाग पाकिटं विकतात, उदमांजर कॉफीचं फळ खातं, त्याच्या विष्ठेतून निघालेल्या बियांची ही कॉफी, आणि ती विष्ठा जंगलात वेचली असं सांगतात. पिंजरा दिसला तर ती जागा सस्टेनेबल नाही, बाकी काहीही असो. उदमांजर हा कायद्याने संरक्षित प्राणी आहे.

कॉफी विकत घ्यायची असेल तर इतकं समजून घ्या की डिसेंबरात तिथे जी कॉफी तुम्हाला पाजतात ती गेल्या हंगामाची असते, आणि त्यात काही गैर नाही. धुतलेली बी उन्हात सात ते दहा दिवस वाळते, दिवसभर ढवळत राहायचं, रात्री दवापासून झाकायचं, सालीसकट असेल तर दोन आठवडे लागतात. मग ती गोदामात मुरते, क्युरिंग वर्क्सला जाऊन वरचं टरफल निघतं, प्रतवारी होते. माझ्या गाळ्यात नवीन माल यायला मार्च-एप्रिल उजाडतो. जानेवारीत अवकाळी पाऊस आला, जो अलीकडे अधूनमधून येतोच, तर आणखी उशीर. तेव्हा नाताळात कुणी 'या वर्षीच्या हार्वेस्टची फ्रेश कॉफी' म्हणून पाकीट पुढे केलं तर हसून नको म्हणा. पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का आणि चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती एका मुळाची भाजलेली पूड, किती आहे एवढं बघा, कायद्याने चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत घालता येते आणि टुरिस्ट दुकानांतल्या 'कूर्ग कॉफी'त बरेचदा असतेच.

सासूबाईंबद्दल. मळे उतारावर असतात, पायवाटांवर पालापाचोळा असतो आणि घसरतं, गुडघे दुखत असतील तर त्यांना वाळवणाच्या अंगणात आणि वजनाच्या जागी बसवा, तिथे खुर्ची मिळते आणि खरं सांगायचं तर जास्त गंमत तिथेच आहे. पहाटे आणि संध्याकाळनंतर मालकाला विचारल्याशिवाय मळ्यात कुणीच जायचं नाही, कोडगूमध्ये सिद्धापूरच्या बाजूला आणि हासन जिल्ह्यात सकलेशपूर, आलूरकडे हत्ती मळ्यांतून फिरतात, फणसासाठी येतात. काही जणांनी त्यापायी फणसच तोडून टाकलेत, आता यात सस्टेनेबल कोण हे मी अंधेरीत बसून ठरवणार नाही. जळवांची भीती डिसेंबरात नाही, पण गोचीड असते, संध्याकाळी मुलांचे पाय तपासा.

जायला तुमच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे ठाण्याहून मत्स्यगंधा एक्सप्रेस, दुपारी बसलात की सकाळी मंगळूर, तिथून चारमाडी घाटाने चिकमगळूर साधारण १५० किलोमीटर, मडिकेरीही जवळपास तेवढंच. घाटात वळणं भरपूर आहेत, मुलांना गाडी लागत असेल तर अव्होमिन जवळ ठेवा. मत्स्यगंधाचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं आणि नाताळाचं पटकन भरतं. त्याआधी इस्टेटला फोन करून तीन गोष्टी विचारा: तोडणी कुठल्या वारी बंद असते, पल्पर संध्याकाळी बघू देणार का, आणि पाण्याच्या टाक्या दाखवणार का. तुमचं ते महागडं पॅकेज यात बसलं तर खुशाल घ्या. नाही बसलं तर कॉफी पिकवणाऱ्या घरातलाच एखादा रजिस्टर्ड होमस्टे बघा, बहुतेकदा स्वस्तही पडतो, आणि मालक स्वतःच संध्याकाळी काट्याजवळ उभा असतो.